खोगिराचे पैसे

जयपूरच्या राजा पार्कमधल्या किराणा दुकानात, गल्ल्याशेजारी ठेवलेल्या छोट्या डबीतून एक बाई खणखणीत आवाजात बोलली, ‘रुपये प्राप्त हुए’, आणि पिशवी उचलायला वाकलेली नीलिमा तशीच थांबली. त्या आवाजात नवीन काही नव्हतं. कुठल्याही दुकानात उभं राहिलं की तो कानावर पडायचाच. पण आज तो तिनं पहिल्यांदाच नीट ऐकला. पैसे आले की कुणीतरी तसं सांगतं. डबी बोलते, नाहीतर निदान फोन थरथरतो. परवा खोगीर विकलं तेव्हा तिचा फोन थरथरला नव्हता. ‘मैडमजी, थैला भारी है क्या?’ दुकानदार विचारत होता. मागच्या बाईनं तिला वळसा घालून आपली डाळीची पुडी पुढे सरकवली. नीलिमानं पिशवी उचलली, बाहेर येऊन एका बंद शटरच्या सावलीत उभी राहिली आणि बँकेचं खातं उघडून पाहिलं. दुधाचे गेलेले, विजेचे गेलेले. आलेलं काहीच नव्हतं.

तरीही ती हिरवी खूण तिला अजून दिसत होती. त्या मुलीनं आपला फोन तिच्यासमोर धरला होता; पडदा भरून हिरवा गोल, त्यात पांढरी बरोबरची खूण, आणि खाली तिचं स्वतःचं नाव, नीलिमा रणजित भोईटे. आपलं नाव नीट लिहिलेलं दिसलं की माणूस किती पटकन निश्चिंत होतो! तिनं मान डोलावली होती. वर ‘पहुँच गए’ असंही म्हणाली होती. आता रस्त्याच्या कडेला उभं राहून तिला राग यायला हवा होता. तो यायचा होता अजून. आधी आला तो अचंबा. समोरासमोर बसून, आपल्या हातचा चहा पिऊन, आपल्या डोळ्यांत बघून एखादी पोर इतकं शांतपणे खोटं दाखवू शकते, आणि आपल्या अंगावर साधा काटाही येत नाही.

रणजित येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होता. जयपूरच्या छावणीतलं हे फौजेनं दिलेलं शेवटचं घर. पुढे पुणं, आणि तिथला लहानसा फ्लॅट. म्हणून गेले काही आठवडे नीलिमा एकेक वस्तू फोनवरून विकायला काढत होती आणि त्या निमित्तानं तिला माणसांची एक नवीनच जात भेटत होती. घ्यायचं पक्कं करणारी आणि पैसे न देणारी. ‘आमचाच समजा’ म्हणून कूलर अडवून ठेवणारा एक जण. पलंग न्यायला टेम्पो निघालाय असं पुन्हा पुन्हा कळवणारा दुसरा, ज्याचा टेम्पो अजून निघतोच आहे. एकानं तर आपण फौजेत आहोत, तातडीची बदली झाली आहे, हा चौकोन स्कॅन करा म्हणजे तुम्हाला पैसे येतील, असं लिहून खाली ‘जय हिंद’ केलं होतं. फौजेच्या घरात, फौजेच्या खुर्चीत बसून तिनं ते रणजितला वाचून दाखवलं तेव्हा तो कितीतरी महिन्यांनी हसला होता. तेव्हापासून तिनं ठरवून टाकलं होतं, पैसे हातात आल्याशिवाय घरातली सुईसुद्धा हलू द्यायची नाही.

मग त्या मुलीच्याच बाबतीत काय झालं? वासंती असं नाव सांगितलं होतं तिनं. विशी ओलांडलेली, स्कूटीवरून आलेली, बुटांवर धुळीचा थर. आल्याबरोबर भाव पाडायला सुरुवात करतात तशी तिनं केली नाही. व्हरांड्यात घडवंचीवर ठेवलेल्या खोगिरावरची चादर नीलिमानं काढली, तशी तिनं हातातला फोन खिशात टाकला. जवळ गेली आणि बैठकीच्या खोलगट जागेवर तिनं अलगद तळवा ठेवला. वर्षानुवर्षं रणजितच्या अंगाचा भार बसून तिथल्या कातड्याला एक आकार आला होता. ‘बहुत चला है,’ ती हळूच म्हणाली. ‘अच्छे आदमी के नीचे चला है.’ नीलिमाला दुसरीकडे बघावं लागलं. तिनंच मग चहा टाकला. घरी कुठली घोडी आहे का, असं नीलिमानं विचारलं आणि पोरगी बोलत राहिली. बस्सीला घर, तलावापाशी. द्वारकाजी घोडीवाले कुठं राहतात विचारलं तर कुणीही सांगेल, तिचे वडील. त्यांच्या घोड्या लग्नसराईत वरातीला जातात. त्यातली मेहंदी नावाची घोडी तिची लाडकी, आता तिचे दिवस भरत आलेत, हात लावला तर आत पाय हलताना कळतात. हे सांगताना तिचा तळवा हवेत असा काही पसरला होता की नीलिमाला त्या हाताखाली उबदार, ताणलेलं पोट दिसलं. आणि त्यानंतर, त्याच हातानं, मुलीनं फोन समोर धरला होता.

पुढचे काही दिवस निरोप आले. आधी ‘दीदी, सर्वर डाउन है’. मग ‘कल पक्का’. मग काहीच नाही, आणि एका दुपारी मुलीच्या नावाशेजारचा फोटो जाऊन तिथं राखाडी रंगाचं रिकामं डोकं उरलं. तिनं नीलिमाला ब्लॉक केलं होतं. विक्रीच्या ॲपवर तक्रार केली तर यंत्रानं आभार मानले. शेवटी तिनं रणजितला सांगितलं. तो खिडकीकडे पाठ करून पेपर वाचत होता. ‘जाऊ दे,’ तो म्हणाला. ‘नाहीतरी ते डोळ्यांसमोरून जायलाच हवं होतं.’ पेपराचं पान उलटलं गेलं नाही, हे तिनं पाहिलं. दोन वर्षांपूर्वी सरावात त्याचा घोडा अडथळ्याशी येऊन जागच्या जागी थबकला होता आणि हा पुढे फेकला गेला होता. खुबा मोडला. हाड जुळलं, काठी हातात आली, आणि घोडा हा शब्द घरातून गेला. लोक आपणहून त्याबद्दल बोलायचं टाळायचे. तिला मात्र तो क्षण कसा असेल, हे अजून डोळ्यांपुढे आणता येत नसे, कारण ती तेव्हा मेथी निवडत होती. फोन आला, ‘मॅडम, सर ठीक आहेत.’ वाक्यात ‘ठीक’ हा शब्द आधीच आला म्हणूनच काहीतरी बिघडलंय हे तिला कळलं होतं.

तिला कधीकधी वाटे, आपल्या आयुष्यात मोठं असं जे काही घडलं ते घडताना आपण तिथं नव्हतोच. ते आपल्याला कळवलं गेलं. वडील गेले ते तारेनं कळलं. तेव्हा ती आसामात होती. रणजितच्या पलटणीनं कुठं काय पाहिलं ते नंतर, अर्धवट, दुसऱ्यांच्या बायकांकडून कळलं. आणि सावनी झाली तेही. ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागली होती. शुद्धीवर येताना नर्स वाकून म्हणाली, ‘मुलगी झाली हो,’ तर नीलिमानं विचारलं होतं म्हणे, ‘कुणाला?’ घरात हा किस्सा अजून सांगतात. सावनी आता बंगळूरला नोकरी करते, तीही पोट धरून हसते. नीलिमाही हसते. हसून झाल्यावर मात्र एखाद्या खोलीचं दार आपल्यासाठी बाहेरूनच बंद झालं असावं, तसं तिला होतं. आत उजेड होता, माणसं होती, सगळ्यांत मोठी गोष्ट चालली होती, आणि तिथं आपलं फक्त अंग होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाडीची किल्ली घेतली. ‘बस्सीला जाऊन येते.’ रणजितनं मान वर केली. ‘एकटी? त्या पोरीनं पत्ता तरी खरा दिला असेल का?’ तेच तर तिला पाहायचं होतं. पत्ता खोटा निघाला तर गोष्ट तिथंच संपत होती. फसवणारे असतात, फसणारे असतात. पण खरा निघाला तर? पैसे बुडवायला आलेली मुलगी आपलं घर, आपल्या बापाचं नाव, आपल्या घोडीचं नाव सांगून जाते, हे कुठल्या हिशेबात बसवायचं? आग्र्याच्या रस्त्याला लागल्यावर ती मनात वाक्यं जुळवत होती. इतक्या वर्षांनी तिची हिंदी अगदी सफाईदार होती, पण राग मराठीतच सुचत होता, आणि त्याचं हिंदी करताना त्यातली धार जात होती. कानोता गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना मोहरी अशी पिवळीधमक पेटली होती की डोळे बारीक करावे लागले.

पत्ता खरा होता. चहाच्या टपरीवरच्या माणसानं नुसतं नाव ऐकून हात लांब केला. तलावापाशी निळं फाटक, अर्धं उघडं. अंगणात खाटेवर वरातीची झूल वाळत घातलेली, तिच्यावरचे आरसे उन्हात लकाकत होते. माणूस कुणी दिसेना. नीलिमानं घसा साफ केला आणि तयार केलेलं पहिलं वाक्य ओठांवर आणलं, तेवढ्यात पत्र्याच्या छपराखालून एक उसासा ऐकू आला. माणसाचा नव्हता. इतका लांब, इतका खोल होता की तिची छाती नकळत त्याच्याबरोबर रिकामी झाली. ‘डॉक्टर साहब आ गए क्या?’ आतून पुरुषाचा आवाज आला. ‘नहीं,’ ती म्हणाली, ‘मैं वो खोगीर के... सॅडल के पैसे...’ छपरातून साठीकडे झुकलेला, बाह्या खांद्यापर्यंत सारलेला माणूस बाहेर डोकावला. द्वारकाजी. तिचं बोलणं त्याच्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं. ‘जो भी हो, हाथ धो लो मैडमजी. जल्दी. बाल्टी उधर है.’

आत गवतावर घोडी आडवी पडली होती. मेंदीच्या वाळल्या पाल्यासारखा तांबूस रंग घामानं काळा पडलेला, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. तिच्या मानेशी गुडघे टेकून वासंती बसली होती. नीलिमाला पाहताच तिचा चेहरा उतरला, पण घोडीच्या मानेवरचा हात तिनं काढला नाही. ‘दीदी,’ ती म्हणाली, ‘गाली बाद में दे देना. अभी आ जाओ.’ आणि नीलिमा गेली. का गेली, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. रणजित पडल्यापासून रस्त्यात वरात दिसली तरी ती फूटपाथ बदलत असे. आता मात्र तिनं हात धुतले, चपला काढल्या आणि ओढणी कमरेला खोचून द्वारकाजींच्या शेजारी बसली. शेपटीखालून पांढुरकी, निळसर झाक असलेली पिशवी बाहेर आली होती, आणि तिच्यात, ओल्या पडद्यामागून दिसावा तसा, एक पाय. एकच. ‘दूसरा अटका है,’ द्वारकाजी म्हणाले. ‘कोहनी अंदर फँसी है. घोड़ी रात को बच्चा देती है, इसने दिन चुना, और डॉक्टर रास्ते में. मैं अंदर से सीधा करूँगा, आप ये वाला पकड़ के रखना. जब ये ज़ोर लगाए तब खींचना. ये रुके तो आप भी रुको.’

तिनं तो पाय धरला. निसटत होता, म्हणून ओढणी त्याच्याभोवती गुंडाळून धरला. तो गरम होता. अजून या जगात न आलेल्या कुणाचा तरी पाय, आणि तो तिच्या मुठीत मागे खेचला गेला, जिवंतपणे, स्वतःच्या मर्जीनं. नीलिमाच्या तोंडून आवाज निघाला. घोडीच्या पोटावरून एक लाट आली, ‘अब,’ द्वारकाजी म्हणाले, आणि ती ओढू लागली; लाट ओसरली, ती थांबली. पुन्हा लाट. समोर वासंती घोडीच्या कानात काहीतरी पुटपुटत होती, वीज, पाणी, वारा असलं काहीतरी, अर्थ नसलेलं. छपराच्या भोकांतून उन्हाचे कवडसे घोडीच्या अंगावर पडले होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर वर चढून खाली येत होते. नीलिमाचं मन कुठंही गेलं नाही. आयुष्यभर ते कुठं ना कुठं भटकत असे, मागे, पुढे, दुसऱ्या गावाला. आता ते एका ओल्या पायाशी येऊन बसलं आणि तिथून हललं नाही. द्वारकाजींनी डोळे मिटले, खांद्यापर्यंतचा हात आत फिरवला, दात आवळले आणि काहीतरी सुटलं. दुसरा पाय आला. आणि त्या दोन पायांवर, पाण्यात सूर मारणाऱ्यासारखं, ठेवलेलं नाक.

मग सगळं एकदम झालं. खांदे अडले, घोडी ओरडली, नीलिमा मागे कलंडली आणि तिच्या मांडीवर एक लांबलचक, निसरडं, वाफाळतं अंग येऊन पडलं. द्वारकाजींनी बोटांनी नाकावरचा पडदा फाडला. क्षणभर काहीच हललं नाही. नाकपुडी चिकटलेली होती, पापण्या मिटलेल्या. छपरात कुणीच श्वास घेत नव्हतं. मग नाकपुडी उघडली. हवा आत गेली. ती हवा आत जाताना नीलिमानं पाहिली. मघापर्यंत इथं तिघं माणसं आणि एक घोडी होती, आणि आता आणखी एक जण होता. तो कुठून आला याला काही उत्तरच नव्हतं. मागचे पाय अजून आईतच होते. ते काढायची कुणाला घाई नव्हती. अर्धं तिकडे, अर्धं इकडे असं ते शिंगरू तिच्या मांडीवर पडून छपराकडे बघत होतं, डोळे गडद निळे, आणि त्या डोळ्यांत पहिल्यांदाच उजेड शिरत होता. त्याच्या खुरांना खालून पिवळसर, मऊ झालर होती, ओल्या फुलाच्या पाकळ्यांसारखी. ‘ये क्या है?’ तिनं कुजबुजत विचारलं. ‘माँ को अंदर से चोट न लगे, इसलिए,’ वासंती म्हणाली. ‘चलेगा तो झड़ जाएगा.’ नीलिमा त्या खुरांकडे बघत राहिली. कुणीतरी याचाही विचार केला होता. घोडीनं मान वळवली आणि घशातल्या घशात अशी काही हाक मारली की शिंगराचे ओले कान हलले. रडू येतंय हे नीलिमाला हनुवटीवरून थेंब पडला तेव्हा कळलं.

हात धुताना द्वारकाजींना ती कोण हे विचारायचं सुचलं. ‘आप कौन, मैडमजी? डॉक्टरनी हो?’ नीलिमा बोलायच्या आत वासंती उठली. ‘काठी इनकी है, बापू,’ ती म्हणाली. ‘जो मैं लाई. पैसे नहीं दिए मैंने. नकली ऐप मिलता है, उससे दिखा दिया.’ काठी म्हणजे खोगीर, हे कळायला नीलिमाला एक क्षण लागला. तिच्या घरात काठी वेगळी होती. म्हातारा माणूस ओल्या हातांनी तसाच उभा राहिला. त्याच्या बोटांवरून पाणी टपकत होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. ‘जान के किया?’ ‘जान के.’ ‘काठी उठा. गाड़ी में रख.’ तो वळला आणि घोडीजवळ जाऊन पाठमोरा बसला.

वासंतीनं खुंटीवरचं खोगीर उतरवलं. दोघी गाडीपर्यंत चालत गेल्या. कातड्याला तेल दिलेलं होतं, रिकिबी घासलेल्या. ‘पता सही क्यों बताया?’ नीलिमानं विचारलं. मुलगी खाली बघत होती. ‘आपने मेहंदी का पूछा था. मेहंदी के बारे में झूठ निकला नहीं मुँह से.’ मग अडखळत बाकीचं सांगितलं. शहराजवळच्या एका रायडिंग क्लबात शिकवणारी हवी होती; रविवारी चाचणी; घोडा त्यांचा, खोगीर आपापलं. साठवलेले पैसे घोडीच्या औषधात गेले. ‘माँग लेती तो आप देतीं क्या?’ नीलिमानं खरोखरच विचार करून पाहिला. ‘नाही,’ ती म्हणाली. ‘नहीं देती.’ वाटेत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आता उरलं नव्हतं. मुलीच्या कोपरावर रक्त सुकलं होतं, तसंच तिच्याही. ‘सोमवार को वापस चाहिए,’ ती म्हणाली. ‘रविवार तुम्हारा. पैसे हों तो पैसे, नहीं तो काठी.’ ‘और नहीं लाई तो?’ पोरीनं विचारलं. उद्धटपणानं नाही, सवयीनं. ‘तो मैं आऊँगी. रास्ता देख लिया है.’ वासंतीनं मान वर केली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण छपरातून द्वारकाजींची हाक आली, ‘अरे, आओ! देखो तो!’ आणि दोघी खोगिरासकट धावल्या.

फोन तेव्हाच वाजला. रणजित होता. ‘काय झालं? मिळाले का पैसे?’ नीलिमानं नाक ओढलं. ‘नीलिमा? रडतेस का? कुणी काही बोललं का?’ ‘अहो,’ ती म्हणाली, ‘शिंगरू झालंय. आत्ता. माझ्यासमोर. मी ओढलं ते.’ गवतात चार काठ्या वेड्यावाकड्या पडाव्यात तसे पाय पसरून शिंगरू बसलं होतं, आणि त्यातला एक त्यानं पुढे टाकला. ‘थांबा. ते उभं राहतंय.’

‘पुढचे पाय टाकलेत?’ रणजितचा आवाज बदलला होता. हा आवाज तिनं मैदानावरून ऐकलेला होता, फार पूर्वी, लांबून.

‘हो. मागचे नुसते थरथरताहेत.’

‘थरथरू देत. पडेल आता.’

ते पडलं. द्वारकाजी पुढे झाले. ‘हात लावू नका म्हणावं,’ रणजित फोनमधून म्हणाला, ‘त्याचं त्याला उठू दे.’ तिनं सांगितलं, आणि तिघांनीही हात मागे घेतले. शिंगरू पुन्हा उठलं, पुन्हा कोसळलं, तोंडावर. घोडीनं त्याला नाकानं ढोसलं. तिसऱ्या खेपेला त्यानं मागचा भाग आधी उचलला, पुढचे गुडघे टेकलेलेच, आणि तसंच थांबलं, जणू आता पुढे काय ते त्याला कुणीतरी सांगायचं होतं. कुणी सांगितलं नाही. त्यानं स्वतःच एक गुडघा सरळ केला. मग दुसरा. साऱ्या अंगातून कंप चालला होता, शेपटीच्या टोकापर्यंत.

‘उभं आहे?’ रणजितनं विचारलं. फार हळू.

‘आहे,’ ती म्हणाली.

त्यानं फोन ठेवला नाही, तिनंही नाही. शिंगरानं पाय उचलला, तो कुठं ठेवावा हे न कळून थोडा वेळ तसाच हवेत धरला, आणि मग जमिनीवर टेकवला.